मुकं धान

इंदरलाल टेंभऱ्यांच्या ओसरीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. तेंदूपत्त्याचे दिवस; गावातली निम्मी माणसं पहाटे जंगलात जाऊन, पानं तोडून, दुपारी घरी येऊन आडवी होणारी. पण त्या दिवशी बोदलकशाच्या रस्त्यावरच्या या गावात कुणाचा डोळा लागत नव्हता. टेंभऱ्यांच्या आतल्या खोलीत धानाच्या दोन कोठ्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीला म्हणे ताप आला होता.

माणसाला ताप येतो, बैलाला येतो. पण मातीच्या कोठीला? "हात घालके देखो!" त्रिशूळवाले महाराज गरजत होते. "झूठ निकला तो ये त्रिशूल यहीं गाड दूँगा और गोंदियाला पायी जाऊन पाणीपुरी विकीन!" आणि लोक रांगेनं डावीकडच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालत होते. हात चटका बसल्यासारखा मागे यायचा. आतलं धान खरंच गरम होतं. उजवीकडच्या कोठीत हात घातला तर गारेगार.

महाराज दरेकशाच्या डोंगरात तपाला बसले होते असं ते स्वतःच सांगायचे. घरोघरी फिरून ते दक्षिणा म्हणून फक्त जुनं धान मागायचे आणि बदल्यात पिवळ्या ‘सिद्ध धाना’ची एक बाटली द्यायचे. कमरेला भगवी लुंगी, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा. तो चष्मा कशाला, असं एका म्हातारीनं विचारलं तेव्हा महाराज म्हणाले होते, "माय, माझी नजर उघडी पडली तर तुमच्या गावातल्या म्हशी आटतीन." तेव्हापासून चष्म्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

योगेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डावीकडची कोठी तिची होती; दरसाल तिच्यात थोडेफार किडे पडायचे, पण असा ताप यंदाच चढला होता.

टेंभऱ्यांच्या घरची एक रीत होती. घरात आलेली सून पहिल्या कापणीनंतर आपल्या हातानं एक कोठी लिंपायची आणि ओल्या मातीवर तांदळाच्या पिठात बुडवलेला उजवा पंजा उमटवायची. ज्या हाताला बरकत, त्याची कोठी भरलेली राहते, असं समजायचं. उजवीकडच्या कोठीवर सासूचा, मुन्नीबाईचा पंजा होता, रुंद आणि फिकट झालेला. डावीकडच्या कोठीवर योगेश्वरीचा. ती कोठी लिंपून झाली तेव्हा मुन्नीबाईनं सुनेच्या गालावर मातीचं बोट लावलं होतं आणि दोघी हसल्या होत्या. आता त्याच पंज्याकडे सारं गाव टक लावून पाहत होतं.

"अब देखो चमत्कार," महाराजांनी त्रिशूळ कपाळाला लावून डाव्या कोठीत दांड्यापर्यंत खुपसला आणि गरगर फिरवला. "ओम भट्ट, कीड्या झट्ट, निकल बाहर फटाफट्ट!"

जरा वेळ काहीच झालं नाही. मग त्रिशुळाच्या दांड्यावरून, कोठीच्या आतल्या भिंतीवरून, काळपट सोंड्यांची, धान पोखरणाऱ्या बारीक किड्यांची, रांगच्या रांग वर चढू लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. "बाप्पा बाप्पा!" कुणीतरी पुटपुटलं. मग तोच मंत्र, तोच त्रिशूळ मुन्नीबाईच्या कोठीत. वर आले ते दोन-चार चुकार किडे.

"दोन कोठ्या. एकच माती, एकच छप्पर. दोघींतही निंबाचा पाला," महाराज इंदरलालकडे वळले. "मंग फरक कायचा हाय? बोलो टेंभरे!"

इंदरलालनं मान खाली घातली. "हाताचा, जी."

"हाताचा!" महाराजांनी टाळी वाजवली. "ये पंजे में दोष हाय. आज धान खाल्लं, उद्या घर खाईन. लेकरू हाय ना तुमच्या घरी?"

तीन वर्षांची रुची आजीच्या कडेवर होती. मुन्नीबाईनं तिला घट्ट धरलं. महाराजांनी उपाय सांगितला. पुनवेच्या दुपारी विळा निखाऱ्यात लाल करायचा आणि सुनेच्या उजव्या तळव्याला डाग द्यायचा. दोष जळून जाईल. त्याआधी तिची कोठी तिनंच रिकामी करायची, आणि तोवर त्या हातचं लेकराच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही.

योगेश्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं. भुवनेश्वर खांबाला नखानं कोरत उभा होता.

"काऊन चूप बसले सारे?" मागून आवाज आला. गावच्या शाळेतल्या चेतना मॅडम गर्दीतून पुढे आल्या. "डाग देनं गुन्हा हाय. जादूटोण्याच्या विरोधात कायदा हाय आपल्या राज्यात. हातानं कुठं धानाले किडे पडते का?"

"मंग तुमीच सांगा ना मॅडम," इंदरलालचा आवाज चढला. "एकीलेच काऊन पडले? दोनी कोठ्या एकाच दिवशी भरल्या. लेकीवानी नांदवली हिले, मले का हौस हाय डाग द्यायची? सांगा, एकीलेच काऊन?"

चेतना मॅडमनी कोठ्यांकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, गळतंय का ते पाहिलं. मग त्या खरं तेच बोलल्या. "ते मले आज सांगता येत नाई."

लोक हसले. महाराज सगळ्यांत जोरात हसले. शिकलेल्या बाईला उत्तर येत नाही म्हणजे अडाण्याचं उत्तर खरं, असा हिशेब आपल्याकडे फार लवकर होतो.

जाताना मॅडम योगेश्वरीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भिऊ नोको. पुनवेच्या दिवशी मी तिरोड्याच्या ठाण्यात फोन करतो. डाग देऊ देनार नाई."

"डाग टळन, मॅडम," योगेश्वरी म्हणाली. "पन मंग माझ्या हातचं कोन खाईन?"

मॅडमनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेऊन दाबला आणि त्या निघाल्या.

त्यानंतरचे दिवस योगेश्वरीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. विहिरीवर ती गेली की बायका घागरी उचलून बाजूला सरायच्या. तिनं भरलेलं पाणी मुन्नीबाई झाडाला घालायची. स्वयंपाक सासूकडे गेला. रुची पहिले काही दिवस रडून गोंधळ घालायची, "मायच्या हातानं!" मग तिलाही सवय झाली, आणि ते तर योगेश्वरीला रडण्याहून जास्त लागलं.

माणूस एकटा पडला की शहाणपण टिकत नाही. गाव जे म्हणतं ते हळूहळू आपल्याच आवाजात ऐकू यायला लागतं. आपण हात लावलेलं मोगऱ्याचं रोप वाळलं होतं, हे तिला आठवलं. लग्नाच्या वर्षी गाय मेली होती, तेही आठवलं. एकदा रुची झोपेत असताना तिच्या केसांवरून हात फिरवायला योगेश्वरी वाकली आणि तिनं उजवा हात मागे घेऊन डावा पुढे केला. आपण काय केलं हे ध्यानात आलं तेव्हा ती जागच्या जागी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

नवऱ्याशी ती बोलली. तो म्हणाला, "एक चटका सहन करून घे. बाबूजी मानून नाई राहिले. एकदाचं सरन तरी."

"तुमाले का वाटते? माझ्या हातात दोष हाय?"

भुवनेश्वरनं बादली उचलली. "मले का समजते त्यातलं," एवढंच म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

पुनवेच्या सकाळी ती कोठी रिकामी करायला बसली. कोठीच्या तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढला तसं धान घरंगळत बाहेर आलं. त्याबरोबर पांढरी भुकटी, कुबट वास, वळवळणारे सोंडे. मूठभर दाणे चोळले तर निम्म्यांचा नुसता कोंडा. घरानं वर्षभर खायचं ते धान होतं. ते ती सुपानं बाहेर काढत राहिली.

शेवटी कोठी हलकी झाली आणि तळाशी काहीतरी अडकलं. तिनं वरून आत उतरून ओढलं. तागाची लहानशी पोतडी.

तिला विसर पडला होता. घरात पूर्वी सगळं जुनं जाडं धान असायचं. त्याला घरात ‘मुकं धान’ म्हणत. योगेश्वरीचं लग्न ठरलं त्या वर्षी इंदरलालनं तिच्या माहेरच्या गावी बारीक धानाचं नवं पीक पाहिलं आणि बियाणं आणलं. उतारा जास्त, भात पांढराशुभ्र. मुकं धान शेताच्या फक्त एका बांधीत, एका तुकड्यात उरलं, तेही मुन्नीबाईच्या हट्टासाठी. ते तिच्या कोठीत जायचं. नवं बारीक धान सुनेच्या कोठीत. कोठी भरायच्या दिवशी मुक्या धानाची ही एक पोतडी सासूच्या कोठीत मावेना. उंदीर नेतील म्हणून योगेश्वरीनंच ती आपल्या कोठीच्या तळाशी टाकली आणि वरून बारीक धान ओतलं होतं.

पोतडीच्या बाहेर सोंडे फिरत होते. तिनं गाठीला हात घातला आणि थांबली. हे तिच्या कोठीत, तिच्या पंज्याखाली, तिनंच ठेवलेलं धान. हेही पोखरलेलं निघालं तर? मग महाराजाची तरी काय चूक? मग विळ्याखाली हात आपणच ठेवायचा. बाहेर अंगणात कुणीतरी शेणकुटं रचत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग तिनं दातांनी गाठ सोडली.

आत किडे होते, पण भटकणारे. दाणे अखंड होते. तिनं एक दाणा दातांखाली धरला. तो कट्‌ दिशी वाजला. दुसरा, तिसरा. पोतडीत हात खोल घातला, तर धान थंड. तिनं एका हातात बारीक धान घेतलं, दुसऱ्या हातात मुकं, आणि दारातल्या उन्हात जाऊन पाहू लागली. बारीक दाण्याचं टरफल टोकाशी फाकलेलं होतं, दोन्ही पाकळ्या मिटायच्या राहून गेल्यासारख्या. फटीतून आतला तांदूळ दिसत होता आणि तिथंच बारीक भोक. मुक्या दाण्याच्या पाकळ्या मात्र घट्ट मिटलेल्या, नख शिरेना.

तिला पहिल्या वर्षीचं आठवलं. ‘याले मुकं काऊन म्हनते, माय?’ असं तिनं विचारलं होतं, तेव्हा मुन्नीबाई दंड चोळत म्हणाली होती, ‘थे तोंडच नाई उघडत ना बाई. कांडता कांडता हात मोडते.’

तोंड उघडत नाही. योगेश्वरी अनवाणीच चेतना मॅडमच्या घराकडे पळाली.

दुपारी अंगण पुन्हा भरलं. मध्ये निखारे, निखाऱ्यात विळा. महाराज मंत्र पुटपुटत होते, अधूनमधून पान थुंकत होते. इंदरलालचा चेहरा पार उतरला होता, पण मागे हटायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. "ये बेटी, सीधा हाथ आगे कर," महाराज म्हणाले.

योगेश्वरीनं उजवा हात पुढे केला. मुठीत धान होतं. तिनं मूठ सासऱ्यापुढे उघडली.

"बाबूजी, हे पाहा. माझ्या कोठीतलं हाय. तळाले होतं. माझाच पंजा, मीच ठेवलेलं. एक तरी दाना पोखरला हाय का पाहा, मंग द्या डाग."

इंदरलालनं दाणे चाचपले. उलटसुलट केले. शेतकऱ्याची बोटं, त्यांना खोटं बोलता येत नाही. "हे तं मुकं धान हाय," तो म्हणाला.

"हो जी. ज्या कोठीत बारीक धान सारं खाल्लं गेलं, त्याच कोठीत हे साजरं राहिलं. हात एकच, मंग फरक कायचा?"

गर्दीत कुजबुज झाली. चेतना मॅडम भिंग घेऊन पुढे आल्या. "त्या दिवशी मले उत्तर नाई देता आलं. आता देतो. कोनीही या अन् डोळ्यानं पाहा. सोंड्याची मादी दान्याले भोक पाडते, आत अंडं घालते. अळी आतल्या आत तांदूळ खाते, मोठी होते अन् किडा होऊन भायेर येते. पन टरफल घट्ट असलं तर तिले आत जागाच भेटत नाई. बारीक धानाचं तोंड फाकलेलं हाय, म्हनून थे खाल्लं. मुक्याचं तोंड बंद हाय. बस, एवढंच."

"और बुखार?" महाराज ओरडले. "धान गरम काऊन होतं?"

"लग्नघरच्या खोलीत दार लावून माणसं कोंबली तर खोली गरम होते ना? कोठीत एवढे जीव खाऊन राहिले, श्वास घेऊन राहिले. गरम होईन नाई तर का? अन् धान ढवळलं की किडे वर चढते. तुमच्या त्रिशुळाच्या जागी चूल फुंकायची फुकारी खुपसली असती तरी चढले असते."

कुणीतरी खिदळलं. महाराज लोकांना ओळखून होते. खिदळणं सुरू झालं की दुकान बसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते एकदम मुन्नीबाईकडे वळले आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "अरे नासमझ लोक! हे मुकं धान कोन पेरते? कोन जपते? ये मैया! थ्या धानावर या पुण्यवंतीचा हात फिरला हाय, म्हनून सुनेच्या कोठीतही वाचलं. ही या हाताची बरकत हाय! बोलो मुन्नी मैया की जय!"

डाव पक्का होता. लोकांनी जय म्हटलं. काही बायका मुन्नीबाईच्या पायाशी वाकल्या. योगेश्वरीकडे आता दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं सासूकडे पाहिलं.

मुन्नीबाईचं आयुष्य चुलीपाशी गेलं होतं. तिचा जयजयकार कुणी कधी केला नव्हता. या दिवसांत बाया तिच्याकडे लेकरं आणत होत्या, डोक्यावर हात ठेव म्हणून. ती आपल्या पायाशी वाकलेल्या बायकांकडे पाहत राहिली. मग कडेवरची रुची हात पसरून "माय" म्हणाली आणि आईकडे झुकली.

मुन्नीबाईनं नातीला खाली ठेवलं. ती आत गेली आणि तोंड लिंपलेलं एक मडकं घेऊन आली. मडक्यावर तिचाच पंजा होता.

"हे बारीक धान हाय," ती म्हणाली. "नवं धान माझ्या हातानं ठेवून पाहू म्हनून मीच भरलं. मीच लिंपलं." आणि तिनं मडकं अंगणात आपटलं.

पांढरी भुकटी उडाली. खापरांतून सोंडे चारी दिशांना पळू लागले.

"मागंच ऐकला मी यातला कुरकूर आवाज," मुन्नीबाईचा आवाज फाटला. "पन बोलली नाई. साऱ्याइनं पाय धरले ना माझे, मले साजरं वाटलं. माझ्या हाताले बरकत नाई अन् माझ्या सुनेच्या हाताले दोष नाई. डाग द्यायचा असन तं आदी मले द्या."

भुवनेश्वर पुढे आला आणि त्यानं पाण्याची घागर निखाऱ्यांवर ओतली. हे त्यानं चार दिवस आधी करायला हवं होतं, पण केलं.

मग गर्दीतली एक बाई पुढे आली. तिच्या हातात महाराजांनी घरोघरी दिलेली पिवळ्या ‘सिद्ध धाना’ची बाटली होती, जिच्यात कधी किडा पडत नाही, ती. चेतना मॅडमनी त्यातले दाणे ओल्या फडक्यानं पुसले. हळद निघाली आणि खाली घट्ट मिटलेलं, जाडं, ओळखीचं धान दिसलं. महाराज प्रत्येक घरी दक्षिणा म्हणून फक्त जुनं धानच का मागायचे, हे तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात शिरलं.

"अरे चोट्टा!" इंदरलाल ओरडला. पण महाराज तोवर मोटारसायकलपाशी पोचले होते. ठाण्याची गाडी आली तेव्हा अंगणात त्यांचा त्रिशूळ आणि काळा चष्मा तेवढा उरला होता. चष्म्याशिवाय पळाले, तरी गावातली एकही म्हैस आटली नाही.

तो माणूस आज आणखी कुठल्या गावात आणखी कुणाचा हात शोधत असेल. त्याला ओळखायला फार विद्या लागत नाही. टेंभऱ्यांच्या घरात एकाच वर्षी दोन गोष्टी आल्या होत्या, नवी सून आणि नवं धान. धान बिघडलं तेव्हा सगळ्यांनी सून तपासली, धान कुणी तपासलं नाही. आपल्या घरात काही बिघडलं तर आधी त्या वस्तूकडे बघा. ती फोडा, चोळा, उन्हात धरा. तरीही कारण सापडलं नाही, तर ‘माहीत नाही’ म्हणा आणि शोधत राहा. पण माहीत नाही म्हणून कुणा बाईचा हात निखाऱ्यावर धरू नका.

त्या संध्याकाळी पोतडीतलं मुकं धान सासू-सुनेनं मिळून कांडलं. दोघींचे दंड भरून आले. भात जाडाभरडा झाला. योगेश्वरीनं घास कालवला, सवयीनं डावा हात पुढे केला, मग थांबली. रुची तोंड उघडून वाट पाहत होती. योगेश्वरीनं घास उजव्या हातात घेतला आणि लेकीला भरवला.

"गरम हाय," रुची म्हणाली, आणि दुसऱ्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.